भरलेला डबा परत गेला, त्यानंतर

वाचकाचे पत्र

वडोदऱ्यातील आमच्या मुलांच्या शाळेत गुजराती आणि मराठी मुलांबरोबर मल्याळी, तमिळ, बंगाली, ओडिया, सिंधी, पंजाबी, बोहरा अशा अनेक घरांतील मुले शिकतात. गेली तीन वर्षे पालक समिती खाद्यमेळा भरवते. प्रत्येक राज्याचा एक स्टॉल असतो, कूपने असतात आणि उत्कृष्ट स्टॉलला बक्षीस मिळते. यंदा बहुतेक जण आपापल्याच स्टॉलभोवती जेवले. ओडिशाहून नव्याने आलेल्या एका मुलीच्या आईने मंडा पिठा नावाचा पदार्थ आणला होता. माझ्या दहा वर्षांच्या मुलाने ‘हे पांढरे काय आहे?’ म्हणून नाक मुरडले, त्याचे पाहून त्याचे मित्रही पुढे सरकले आणि त्या बाई जवळजवळ भरलेला डबा घेऊन घरी गेल्या. समितीच्या बैठकीत काहींनी मेळा बंद करावा असे सुचवले, तर काहींनी ‘फक्त शुद्ध शाकाहारी’ अशी सूचना छापून तो पुन्हा भरवावा असे म्हटले. समितीची सचिव म्हणून मी काय मांडावे? आणि त्या बाईंना काय म्हणावे?
– एक पालक, वडोदरा

उत्तर

प्रिय भगिनी,

त्या बाईंविषयीचा प्रश्न आपण पत्राच्या शेवटी, एका ओळीत विचारला आहे. मला तोच मुख्य वाटतो आणि समितीपुढे काय मांडावे याचे उत्तरही त्यातूनच निघते, म्हणून आधी त्या डब्याकडे पाहू.

मंडा पिठा करताना तांदळाच्या पिठीची उकड काढतात, ती मळून तिची पारी करतात, आत ओले खोबरे, गूळ आणि वेलदोडे यांचे सारण भरतात आणि गोळा बंद करून वाफवतात. वाचता वाचताच आपल्या लक्षात आले असेल की हे आपले उकडीचे मोदक आहेत; फरक इतकाच, की त्याला कळ्या नसतात, तो गोल असतो आणि काही घरांत सारणात छेना (दूध फाडून काढलेले ताजे पनीर) किंवा थोडी मिरपूड घालतात. तमिळ घरात याच जातीच्या पदार्थाला कोळुकट्टै म्हणतात, मल्याळी घरात कोळुक्कट्टा, कन्नड घरात कडुबू, आणि बंगाली पुली पिठेही याच कुळातली आहे. गणेशचतुर्थीला आपला मुलगा जो पदार्थ मागून घेऊन खात असेल, त्यालाच त्याने मेळ्यात नाक मुरडले. त्याला फार दोष देऊ नये असे मला वाटते, कारण मेळ्याची रचनाच अशी होती की हे नाते त्याला दिसण्याची सोय नव्हती. एक पदार्थ एका राज्याच्या नावाखाली, त्याचा भाऊ दुसऱ्या राज्याच्या नावाखाली, आणि मध्ये कूपनांची रांग.

स्टॉलमागे उभी राहणारी आई त्या दोन तासांपुरती विक्रेती होते आणि समोर येणारे मूल गिऱ्हाईक होते. गिऱ्हाइकाने माल पाहून पुढे जाण्यात काहीच वावगे नसते. तेच मूल पाहुणा म्हणून पाटावर बसले असते, तर निदान एक घास खाल्ल्याशिवाय उठले नसते. त्यात बक्षीस ठेवले की शेजारचा स्टॉल प्रतिस्पर्धी ठरतो. मेळा वाईट हेतूने भरवला गेला असे मी मुळीच म्हणत नाही, त्यामागे आपण सर्वांनी घेतलेले कष्ट मला दिसतात. परंतु समितीपुढे आपण स्पष्टपणे मांडावे की अन्न मांडून दाखवणे हे एक काम आहे आणि एकत्र जेवणे हे दुसरे, आणि शाळेला दुसऱ्याची गरज आहे.

आपल्या शहराला हे परके नाही. गायकवाडांबरोबर आलेली मराठी घरे दांडिया बाजार आणि रावपुऱ्यात स्थिरावली, १९६० च्या दशकापासून कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि खतांचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा देशभरातील कुटुंबे नोकरीनिमित्त येथे आली, आणि प्रत्येकाने आपली फोडणी सोबत आणली. सेवउसळीची गाडी पाहा. वाटाण्याची उसळ आपली, तिच्यावरची शेव गुजरातची, आणि खाणाऱ्यांपैकी कोणालाही ती कोणाची हे विचारावेसे वाटत नाही. पण याच शहरात १९१७ मध्ये, बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून नोकरीसाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि कमाटीबागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काही तास काढून त्यांना मुंबईची गाडी धरावी लागली. त्याच्या अकरा वर्षे आधी, १९०६ मध्ये, महाराज सयाजीरावांनी संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. मुलांना एका वर्गात बसवणे कायद्याने साधता आले. एका पंगतीत बसवण्याचे काम मात्र माणसांकडेच राहिले आणि ते आजही आपल्याकडेच आहे. म्हणून मेळा बंद करून विषय मिटवावा, हे मला पटत नाही.

त्याऐवजी मी असे सुचवेन. वर्षातून एकदा सगळ्या शाळेचा मेळा न भरवता, महिन्यातून एकदा एकेका वर्गाची अंगतपंगत ठेवावी. शब्द आपल्या सर्वांच्या बालपणातला आहे आणि शाळेतील पंजाबी कुटुंबांनाही तो शिकवावा लागणार नाही, कारण गुरुद्वाऱ्यातील लंगरला बसण्याच्या रांगेलाही पंगतच म्हणतात. दर महिन्याला एकच पदार्थ घ्यावा आणि तो एका राज्याचा न घेता अनेक घरांत वेगवेगळ्या नावांनी होणारा घ्यावा. पहिल्या महिन्यात उकडीचे मोदक, मंडा पिठा आणि कोळुकट्टै. पुढे कधी पुरणाची पोळी घ्यावी: मराठी घरात हरभऱ्याच्या डाळीची, गुजराती वेडमीत तुरीच्या डाळीची, कर्नाटकात होळिगे, आंध्रात बोब्बट्लू. थंडीत अळूची पाने घ्यावीत, म्हणजे अळूवडी आणि पात्रा शेजारी शेजारी येतील. मूग-तांदळाची खिचडी तर बंगालपासून तमिळनाडूच्या पोंगलपर्यंत पोहोचते.

मुलांनी पदार्थ पाहण्याआधी त्याविषयी विचारावे, ही सवय लावण्यासाठी भोंडल्याची खिरापत आपल्याला उपयोगी पडेल. नवरात्रात भोंडल्याची गाणी संपल्यावर झाकलेला डबा मध्ये ठेवून आपण काय करायचो ते आठवा. गोड की तिखट, तळलेले की वाफवलेले, तांदळाचे की गव्हाचे, असे विचारत विचारत नावाशी पोहोचायचो, आणि ओळखता आले नाही तरी डबा उघडेपर्यंत तोंडाला पाणी सुटलेले असायचे. वर्गात ज्या मुलाच्या घरून डबा आला असेल, त्याने उत्तरे द्यावीत आणि बाकीच्यांनी ओळखावे. नव्याने आलेल्या, गुजराती अजून अडखळत बोलणाऱ्या मुलीकडे त्या दहा मिनिटांत सगळ्या वर्गाला हवी असलेली माहिती असते. ‘हे पांढरे काय आहे?’ हा आपल्या मुलाचा प्रश्न तेव्हा अपमान न राहता खेळातला पहिला प्रश्न ठरतो.

येथे मी केलेली एक चूक सांगणे मला आवश्यक वाटते. मी याच शहरातील एका शाळेत अनेक वर्षे शिकवले. एका गोकुळाष्टमीला, श्रीकृष्णाने सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या ही गोष्ट सांगून, मी सगळ्या वर्गाचे डबे एका परातीत रिकामे करून काला केला. मला ते फार सुंदर वाटले होते. एक जैन मुलगा ‘मला भूक नाही’ म्हणून भिंतीशी बसून राहिला, कारण कुणाच्या तरी डब्यात कांदा-बटाट्याची भाजी होती, आणि त्याचा स्वतःचा डबाही मी त्या परातीत ओतला होता. तो दुपारभर उपाशी राहिला आणि मला ते शाळा सुटताना कळले. समान ताटाचा आग्रह धरताना एखाद्याच्या हातातले ताट आपण काढून घेत नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी आग्रह धरणाऱ्याची असते, आणि त्या दिवशी मी ती पार पाडली नाही.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच प्रत्येक घराला लेखी विचारावे, आणि धर्म किंवा जात न विचारता फक्त ‘आपले मूल काय खात नाही आणि काय खाल्ल्याने त्याला त्रास होतो’ एवढेच विचारावे. शेंगदाणे, तीळ, दूध, काजू-बदाम, नारळ यांची ॲलर्जी असलेली मुले असतील. गव्हाने त्रास होणारे मूल असेल, तर बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते हे स्वयंपाक करणाऱ्याला माहीत असले पाहिजे. जैन घरांत कंदमुळे चालत नाहीत, त्यामुळे ओले आले आणि ओली हळद वर्ज्य, पण सुंठ आणि हळदपूड चालते. चातुर्मासात अनेक जैन कुटुंबे पालेभाजीही खात नाहीत, म्हणून अळूची पाने थंडीत, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेनंतर, घ्यावीत असे मी वर सुचवले. रमजानमध्ये मोठी मुले रोजा ठेवतात आणि तो महिना दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा त्या वर्षीचे कॅलेंडर पाहिल्याशिवाय तारीख ठरवू नये. आणखी एक गोष्ट आपल्या मराठी मंडळींच्या सहज लक्षात येत नाही: शाळेत आणायचा पदार्थ देवाला नैवेद्य दाखवून आणू नये. काही मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबे प्रसाद घेत नाहीत, आणि मुलाला तो नाकारण्याच्या प्रसंगात आपण टाकू नये.

आता ‘शुद्ध शाकाहारी’ या सूचनेबद्दल. शाळेतील एकत्र जेवण शाकाहारी असावे याला माझा विरोध नाही. जे मांसाहारी आहेत ते शाकाहारी अन्न खातात, उलट होत नाही, आणि सर्वांना एका पंगतीत बसवायचे तर हा मार्ग सोयीचा आहे. माझी हरकत ‘शुद्ध’ या शब्दाला आहे. तो शब्द छापला की ज्या मुलाच्या डब्यात रोज अंडे किंवा मासा असतो, त्याला आपल्या घरचे जेवण अशुद्ध असल्याचे शाळेकडून लेखी कळते. निमंत्रणात ‘सर्वांना खाता यावे म्हणून या दिवशी शाकाहारी पदार्थ’ असे लिहावे. आणि इतर दिवशी कोणत्याही मुलाच्या डब्याचा वास घेऊन कोणी तोंड वाकडे करणार नाही, याची जबाबदारी वर्गशिक्षकांनी घ्यावी. सोय पाहून केलेली तडजोड आणि एखाद्याचे जेवण हलके लेखणे यांतील अंतर मुलांना मोठ्यांच्या वागण्यातूनच कळते.

पंगतीत वाढणे ही मला पदार्थांइतकीच महत्त्वाची गोष्ट वाटते, आणि तिथे मुलांना शिकवण्यासारखे फार आहे. आपल्या ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे. केरळच्या सद्येत, म्हणजे पानावरच्या मेजवानीत, केळीच्या पानाचे निमुळते टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे असते आणि मीठ, लोणचे, केळ्याचे काप याच बाजूला येतात. हजार किलोमीटर अंतरावरच्या दोन घरांनी मीठ एकाच बाजूला का ठेवले असेल, असे मुलांना विचारून पाहावे. उजव्या हाताने जेवताना मुख्य अन्न उजवीकडे हवे, हे उत्तर त्यांतलेच कोणीतरी देईल. बंगाली जेवण शुक्तो या कडसर भाजीने सुरू होते. बोहरा कुटुंबात आठेक माणसे एका मोठ्या थाळाभोवती बसतात आणि पहिल्यांदा चिमूटभर मीठ चाखतात. त्यांच्याकडे एका थाळात जेवणे हे जिव्हाळ्याचे आहे, तर शेजारच्या मराठी किंवा गुजराती घरात तेच उष्टे मानले जाते. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात, कोणतीही त्यांच्यावर लादू नये, आणि शाळेत प्रत्येकाच्या स्वतंत्र ताटलीत डावाने वाढावे.

वाढपी म्हणून वडिलांना उभे करावे. मेळ्यात पहाटे चारपासून आया राबल्या आणि वडिलांनी छायाचित्रे काढली, असे आपल्या पत्रात लिहिलेले नाही, पण मी इतके मेळे पाहिले आहेत की तसेच झाले असावे असे मला वाटते. वाढणे, पाणी देणे, भांडी घासणे ही कामे त्यांची. आणि शाळेतील मावशी, शिपाई, सफाई कामगार, बसचालक यांना उरलेले अन्न बांधून न देता पहिल्या पंगतीत मुलांच्या शेजारी बसवावे. गुजरातच्या सरकारी शाळांत ‘तिथी भोजन’ची चांगली प्रथा आहे, वाढदिवसाला किंवा घरच्या कार्याला लोक शाळेतील मुलांना जेवण देतात. पुढे कधी जवळच्या महापालिका शाळेबरोबर आपण असे काही केलेत, तर केवळ जेवण पाठवू नये, आपली मुलेही त्यांच्याबरोबर बसवावीत, आणि एकदा त्यांच्या आयांच्या हातचे खायला जावे.

पहिल्या पंगतीसाठी मी मार्गशीर्ष महिना सुचवते, आणि त्यामागे कारण आहे. आपल्याकडे मार्गशीर्षातील गुरुवारी महालक्ष्मीचे व्रत करतात, तसेच ओडिशातही याच गुरुवारी लक्ष्मीची पूजा होते, दारात तांदळाच्या पिठाची चित्रे काढतात आणि मंडा पिठा करतात. त्यांचा महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो, त्यामुळे तो आपल्यापेक्षा पंधरवडा आधी येतो, पण शुद्ध पक्षातील गुरुवार दोघांचे एकच असतात. तेथे त्या दिवशी वाचली जाणारी कथाही आपण ऐकण्यासारखी आहे: लक्ष्मी अस्पृश्य मानल्या गेलेल्या श्रीया नावाच्या स्त्रीच्या घरी जाते, म्हणून जगन्नाथाचे थोरले भाऊ बलभद्र त्याला तिला मंदिरातून बाहेर काढायला लावतात, मग दोघे भाऊ अन्नाला मोताद होतात, आणि शेवटी लक्ष्मीच्याच हातचे जेवून तिची अट मान्य करतात की जगन्नाथाचा प्रसाद खाताना कोणी कोणाची जात पाहणार नाही. व्रत शाळेत आणण्याची गरज नाही, ते ज्याच्या त्याच्या घरी राहू द्यावे. शाळेत फक्त पदार्थ आणावा.

आणि तो पदार्थ पाहा. त्यात कांदा-लसूण नाही, कंद नाही, गहू नाही, शेंगदाणा नाही. छेना वगळला तर दूध नाही, त्यामुळे नाताळाआधीचा पंचवीस दिवसांचा उपवास पाळणाऱ्या केरळच्या सीरियन ख्रिस्ती घरातील मुलालाही तो चालेल. नारळाची ॲलर्जी असलेले मूल सोडले, तर आपल्या शाळेतील जवळजवळ प्रत्येक मुलाला खाता येईल असा पदार्थ त्या दिवशी मेळ्यात होता, आणि तोच परत गेला.

वर्गात तो मुलांच्या हातून करून घ्यावा. वाटीभर पिठीचे साधारण दहा नग होतात, म्हणजे चाळीस मुलांना दोन-दोन द्यायचे तर आठ वाट्या पिठी लागेल. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी गूळ. उकड आणि सारण मोठ्यांनी तयार करून आणावे, भरण्याचे काम मुलांनी करावे, ज्याला कळ्या जमतात त्याने कळ्या काढाव्यात आणि ज्याला गोल वळता येते त्याने गोल वळावे. तमिळ घरांतून इडलीपात्रे मागवता येतील. वाफेजवळ मुलांना जाऊ देऊ नये, आणि ओल्या खोबऱ्याचे सारण लवकर आंबते म्हणून सारण त्याच दिवशी सकाळी करावे व वाफवलेले दोन तासांत संपवावे.

आता त्या बाईंना काय म्हणावे. शाळेच्या फाटकाशी, इतरांच्या देखत क्षमा मागू नका. त्यांना पुन्हा एकदा सगळ्यांसमोर त्या डब्याची आठवण होईल. समितीच्या वतीने आभाराचे पत्रही पाठवू नका. फोन करून विचारा की मंडा पिठा शिकायला आम्ही घरी आलो तर चालेल का. आपण स्वतः वर्षानुवर्षे मोदक करत असाल, तरी त्या दिवशी आपण शिकायला गेलेल्या आहात हे विसरू नका, ‘आमच्याकडे असे करतात’ हे वाक्य दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवा. मुलाला बरोबर न्या. झालेल्या प्रकाराबद्दल बोलायचेच झाले, तर ते त्याने बोलावे, त्याच्या शब्दांत, आणि बोलला नाही तरी त्याला ढकलू नका. जाताना तयार मिठाई नेऊ नका. एक नारळ आणि पाव किलो गूळ न्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात तो नारळ खवायला मुलालाच बसवा.